शेवंताबाईंचा नवारीचा लगाम

आमच्या दवाखान्यातल्या शेवंताबाई नर्स घोडीवर बसून बाळंतपणं करायला जात. गावाला त्या घोडीचं नवल चार दिवसांत सरलं. टिकलं ते लगामाचं. तो लगाम पलंगाच्या नायलॉनच्या नवारीचा होता, गुलाबी आणि पोपटी पट्ट्यांचा, आणि त्याला बाईंनी स्वतः टाके घातले होते. बाळंतिणीला घालतात त्याच वाकड्या सुईनं, त्याच गाठीनं. "यातला एक टाका निघाला तर मला सांगा," असं त्या ज्याला त्याला ऐकवत. माझ्या माहितीत ना कुठल्या बाळंतिणीनं कधी तक्रार केली, ना घोडीनं.

मी त्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. गाव ताडकळसच्या बाजारापासून पांदणीनं दोन कोस, आणि पांदण काळ्या मातीची. पाऊस लागला की सायकलचं चाक फिरायचं थांबे आणि माणसानं सायकल खांद्यावर घ्यायची वेळ येई. मोटारसायकलवाले डॉक्टर फाट्यावरूनच परत जात. पण बायकांना कळा काही फाटा बघून येत नाहीत. तेव्हा शेवंताबाईंनी परभणीहून एक पांढरी घोडी आणली. तिचं नाव हरणी.

ही हरणी आधी वरातीत नवरदेव मिरवायची. वय झालं म्हणून मालकानं विकली, पण तिचा जुना धंदा तिच्या अंगात होता. कुठं बँड वाजला की ती मान वाकडी करून तालात पावलं टाकायला लागे. एकदा एका अडलेल्या बाळंतिणीकडं जाताना वाटेत वरात लागली आणि हरणी थेट नवरदेवाच्या घोड्याशेजारी जाऊन नाचू लागली. वर शेवंताबाई, पांढऱ्या लुगड्यात, हातात औषधांची किटली. वऱ्हाडानं दोघींना कुंकू लावलं. बाईंनी घोडीला रागावून म्हटलं, "अहो, आपल्याला काम हाय ना?" त्या हरणीला कायम अहोजाहो करत. डॉक्टरसाहेबांच्या बायकोला मात्र "अगं".

घोडी विकत घेतली त्या दिवशी तिच्या तोंडावर वरातीचा लगाम होता, अस्सल चामड्याचा, पितळी फुलांचा. मालक म्हणाला, घोडीसोबत तसाच घेऊन जा. बाईंनी त्याच्याच अंगणात तो सोडला, त्याच्या हातात दिला आणि गळ्यात नुसता सुती कासरा बांधून घोडी सहा कोस चालवत आणली. "फुकटचं चामडं बी नको," म्हणाल्या. मला वाटलं, बाईंचा एक स्क्रू ढिला आहे. पुढं कळलं, एकच ढिला आहे असं नाही.

घड्याळाचा पट्टा नायलॉनचा. पायात प्लास्टिकचे बूट, उन्हाळ्यात पाय भाजले तरी. खात्यानं औषधांसाठी चामडी बॅग दिली होती, ती त्यांनी उघडलीसुद्धा नाही. इंजेक्शनं, कात्री, धागा असं सगळं दुधाच्या किटलीत घालून त्या हिंडत. नवख्या गावात लोक आडवे येत, "बाई, अर्धा लिटर द्या." बाई म्हणत, "देते, पण सुई टोचून देते."

माझे काळे बूट मी रोज पॉलिश करायचो. त्या काळात आमच्या गावात पॉलिशचे बूट दोनच माणसांचे, हेडमास्तरांचे आणि माझे. बाई ते ड्रेसिंगच्या खोलीत येऊ देत नसत. "बूट भायेर, कंपाउंडर." मी म्हणायचो, जंतू चामड्याला काय वेगळे लागतात का? त्या दाराकडं बोट दाखवत. त्यांना फक्त लगामावर बोलायला आवडे. तो विषय निघाला की बाई अशा रंगात येत की समोरचा रुग्ण दुखणं विसरे.

"चामड्याला तेल पाजा. उन्हात ठेवू नगा. पावसात नेऊ नगा. उंदरापासून जपा. आता मला सांगा, हा लगाम हाय का जावई?" असं विचारून त्या एक बोट वर करत. "आन् ह्यो बघा. नाल्यात बुडला, चिखलात भरला. धुतला, वाळला, झालं!"

या "धुतला, वाळला, झालं"ला गावात विरोधक एकच, गफूर जमादार. म्हातारा निजामाच्या रिसाल्यात घोड्यांकडं होता. घरात घोडा उरला नव्हता, पण भिंतीवर चामड्याचा लगाम टांगलेला होता आणि त्याला तो दर जुम्म्याला तेल लावी. दवाखान्यात खोकल्याचं औषध घ्यायला आला की तो बाकावर बसून हरणीच्या तोंडाकडं बघे आणि खोकल्यापेक्षा जास्त कण्हत असे.

"बाई, चमडे में जान होती. ये नायलॉन तो मुर्दा हाय मुर्दा."

"उलटं सांगायलेत की जमादारसाब. कुणी मेल्याबिगर चामडं होतं का?"

जमादार औषधाची बाटली घेऊन निघून गेला, पण रिसाल्याचा माणूस, हटेल कसा? दुसऱ्या आठवड्यात तो खरा मुद्दा घेऊन आला. चामडं ताण आला की तुटतं. नायलॉन तुटत नाही. घोडी बाभळीच्या फांदीत अडकली, बुजली, तर लगाम तुटणार नाही, घोडीची मान तुटेल. "बोलो अब."

शेवंताबाईंनी हरणीच्या गालाजवळची नवार दोन्ही हातांनी ताणून पाहिली. दोन दिवस त्या घोडी घेऊन बाहेरच पडल्या नाहीत, चिखलातून पायी गेल्या. तिसऱ्या दिवशी लगाम नवा होता. दोन्ही गालांजवळ नवार कापून मध्ये बँडेजच्या कापडाची चार पदरी कडी घातलेली. जोराचा हिसका बसला तर बँडेज फाटेल, घोडी सुटेल. जमादारानं ते बोटानं ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं, आणि म्हणाला, "रिसाले में होती तो दफेदार बनती तू." त्यानंतर बँडेज फार खपू लागलं आणि स्टॉकच्या तक्त्याला मी काय उत्तरं दिली ते माझं मला माहीत.

चामड्याचं खरं कारण मला कळलं ते त्या बॅगेमुळं. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, खात्याची बॅग का वापरत नाही, लेखी द्या. लिहायचं मला सांगितलं. मी कागद घेऊन बसलो आणि विचारलं, बाई, काय लिहू? त्या दुपारी दवाखान्यात कुणी नव्हतं. त्यांनी सिरिंज उकळायला ठेवल्या आणि माझ्याकडं पाठ करून बोलल्या.

"माजा बाप गावची मेलेली ढोरं वढायचा. सोलायचा. मी संगं असायची, पाय धरायला. साळंत पोरी माज्यापासून लांब बसायच्या, वास येतो म्हणून. येत व्हता वास, खोटं कशाला बोलू? मग छप्पन साली दीक्षा घेतली. बापानं सुरी नदीत फेकली. पाटलाची म्हैस मेली, बलावणं आलं, बाप गेला न्हाई. ती म्हैस चार दिवस पडून व्हती आन् आमाला आडावर पाणी बंद व्हतं. तवापासून आमच्या घरात चामडं न्हाई. चप्पल सुदा न्हाई."

मग वळून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "लिहा, चामडी बॅग पावसात भिजते. किटली भिजत न्हाई."

मी तेच लिहिलं. साहेबांना पटलं. दुसऱ्या दिवसापासून मी कॅनव्हासचे बूट घालून येऊ लागलो. माझ्या चहात त्या दिवशी साखर जास्त होती.

आता त्यांचा दुसरा वेडेपणा सांगतो, तो याच्याशीच बांधलेला आहे. बाळंतपण झालं, बाळ रडलं, की घरातले लोक खण-नारळ पुढं करत. बाई ते बाजूला सारून विचारत, "घरात कुदळ हाय का?" जन्माच्या घरात कुदळीचं नाव! म्हाताऱ्या कानांवर हात ठेवत. बाई शांतपणे सांगत, "माजी हरणी कधीतरी जाणार. तवा तिला वढून न्यायला आन् पुरायला यायचं. सोलायला कुणाला द्यायची न्हाई. कातड्यासकट पुरायची. आन् गडी धाडायचा न्हाई, सोता यायचं." घोडी तेव्हा ठणठणीत होती. लोक हसत आणि हो म्हणत. मरणारी घोडी आणि हो म्हणणारा माणूस, दोघांनाही तेव्हा घाई नव्हती.

एकच माणूस हो म्हणाला नाही. गावचे थोरले पाटील. बाई याच गावच्या लेक, आणि पडून राहिलेली ती म्हैस यांच्याच दावणीची.

ते दिवस मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे. आज इथं मोर्चा, उद्या तिथं बंद. एसटी कधी सुटेल, कधी देवगाव फाट्यावरूनच परतेल, नेम नसे. गावात आणि बाई राहत त्या भीमनगरात बोलणं तुटलं होतं. अशाच एका बंदच्या दिवशी भर पावसात थोरल्या पाटलांची सून अडली. गाडी नाही, डॉक्टर नाही. पाटील माझ्याकडं आले आणि मला घेऊन भीमनगरच्या नळापर्यंत गेले. तिथून पुढं त्यांचा पाय उचलेना. मला म्हणाले, "तू हाक मार."

मी हाक मारायच्या आतच शेवंताबाई घोडीवर बसून बाहेर आल्या. "किती येळ झाला कळा सुटून?" एवढंच विचारलं आणि टाच मारली. पाटील आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या घोडीमागं चालले, तेही स्वतःच्या गावातून, गुडघाभर चिखलात. पारावरची माणसं पाहत होती. हरणीला बिचारीला काय कळणार, कुठं तरी देवळात ढोल वाजला आणि तिनं चार पावलं तालात टाकली.

नातू झाला. सूनही वाचली. पाटलांनी लुगडं पुढं केलं. बाईंनी विचारलं, "पाटील, घरात कुदळ हाय का?"

"कुदळी धा हाईत. चार गडी धाडीन."

"गडी न्हाई. तुमी."

पाटील भिंतीकडं बघत राहिले. बाईंनी लगाम उचलला, अंगणातल्या हौदावर धुतला आणि निघाल्या. पुढं कितीतरी वर्षं वाटेत गाठ पडली की त्या मुद्दाम घोडी थांबवत. "पाटील, कुदळीला दांडा हाय ना?" पाटील आभाळाकडं बघून पावसाचा अंदाज घेत. मला हसू येई आणि वाईटही वाटे. बाईंना या एकाच माणसाकडून हो पाहिजे होतं, हे मला आता दिसत होतं.

नामांतर झालं त्याच्या आदल्या पावसाळ्यात, एका सकाळी बाईंनी लगाम चढवला, पण हरणी उठली नाही.

मी पोचलो तेव्हा बाजारातला एक कातडीवाला सुरी-पोतं घेऊन आधीच आला होता. अशांना वास कसा लागतो कुणास ठाऊक. "बाई, मी नेतो, तुमाला तरास न्हाई," तो म्हणाला. "हात लावून बघ," बाई म्हणाल्या, आणि त्यानं लावला नाही. मग भीमनगरची तरणी पोरं आली. "आत्या, आमी वढतो."

त्यांच्यावर बाई जेवढ्या ओरडल्या तेवढ्या त्या कातडीवाल्यावर नव्हत्या ओरडल्या. "तुमी न्हाई! तुमच्या आज्यांनी हे काम सोडलं ते तुमी धरायला का? मी मेले तर मला उचला. हिला न्हाई!"

आणि उंबऱ्यावर बसून राहिल्या. एकेक करून माणसं येऊ लागली. एक कुणबी आला, दुसरा आला, किराणा दुकानदार आला, खांद्यावर कुदळी. गफूर जमादाराला आता उभं राहवत नव्हतं, त्याला खुर्ची दिली. तो म्हणाला, "मैं गिनती करता, कितना गहरा हुआ." बाईंच्या वीस गुंठ्यांत बाभळीखाली आम्ही खड्डा खणायला लागलो. माझ्या हाताला फोड आले. बाई वाटेकडं बघत होत्या.

थोरले पाटील अकराच्या सुमाराला आले. सत्तरी उलटलेली, धोतर खोचलेलं, खांद्यावर कुदळ. मागं गडी नव्हता. थेट खड्ड्यात उतरले आणि खणू लागले.

खड्डा झाला. आता घोडी ओढायची. आम्ही कासरा तिच्या गळ्याला बांधला, सात-आठ जणांनी जोर लावला. मान लांब झाली, धड जागचं हलेना. पुन्हा ओढलं. पाटील चिखलात घसरून बसले. आमच्यातल्या एकानंही जन्मात मेलेलं जनावर ओढलं नव्हतं. कसं ओढतात, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

"गळ्याला न्हाई वो!" शेवंताबाई उठल्या. "मागचे दोनी पाय जोडून बांधा. दोरी आखूड धरा. डोक्याखाली पोतं घाला, तोंड घासंल."

"हे तुला कसं..." पाटलांनी विचारलं आणि मध्येच थांबले. कसं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. खाली बघत म्हणाले, "सांगा बाई, तुमी सांगा. आमी वढतो."

बाईंनी सांगितलं आणि पाटलांनी ओढलं. दोरी त्यांच्या खांद्यावर होती. बाईंचा हात एकदाही दोरीला लागला नाही. माती टाकायच्या आधी त्या खाली उतरल्या, हरणीच्या तोंडावरचा लगाम सोडला, "जावा आता," म्हणाल्या, आणि तिथंच मोठ्यानं रडल्या. जमादारानं टोपी काढली. मलाही रडू आवरलं नाही, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

त्यानंतर बाई पायी जाऊ लागल्या. बदली होईपर्यंत मी त्यांच्या घरावरून रोज संध्याकाळी जायचो. तारेवर तो गुलाबी-पोपटी लगाम वाळत घातलेला असे आणि त्यातून पाणी ठिबकत असे. हिवाळा आला, चिखल कुठं औषधालाही उरला नाही, तरी रोज ओला. शेवटी एकदा मी विचारलं, "बाई, हा आता मळतो कशानं?"

त्यांनी लगाम झटकला, बँडेजच्या कड्या नव्यानं घातलेल्या मला दिसल्या.

"मळत न्हाई वो," त्या म्हणाल्या. "पर सांजच्याला हात रिकामे ऱ्हात्यात. धुतला, वाळला... झालं."