गळ्यातली चावी

चावी काढून खिशात टाकायला मला अर्धा सेकंदही लागत नाही. मी गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो आणि आमच्या मालकाचा एकच नियम आहे, यंत्रावरून उतरलास की चावी खिशात. शाळेला दहा वर्षांत माझ्या डोक्यात काही घालता आलं नाही, मालकानं मात्र एका आठवड्यात हे माझ्या हातात घातलं. (शाळेचा दोष नाही. दहावीत आम्ही दोघांनी एकमेकांचा नाद सोडला.)

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ऑरलँडोला, थीम पार्कच्या हॉटेलसमोर बसथांब्यावर मी अशीच एक चावी काढली. ती फोर्कलिफ्टची नव्हती. माझ्या बहिणीच्या स्कूटरची होती.

डार्ला माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. उपचारांनंतर तिच्या पायांत जीव राहिला नव्हता, म्हणून आम्ही तिथे चार चाकांची बसायची स्कूटर भाड्यानं घेतली होती. पुढे टोपली, हँडलजवळ एक गोल बटण. बटणाच्या एका बाजूला कासवाचं चित्र, दुसऱ्या बाजूला सशाचं. कासवाकडे फिरवलं की हळू, सशाकडे फिरवलं की जोरात. इतकं सोपं की मलासुद्धा कळलं.

अवघड होती ती बस. हॉटेलची बस आली की ड्रायव्हर दारातून रॅम्पचा उतार खाली सोडतो आणि स्कूटरवाल्यांना सगळ्यांच्या आधी चढवतो. उन्हात उभी असलेली चाळीस माणसं बघत राहतात. त्यांच्यासमोर सरळ आत शिरायचं, वीतभर जागेत वळायचं, आडवं उभं राहायचं, मग ड्रायव्हर चार पट्ट्यांनी गाडी बांधतो. डार्लाला ते जमत नसे. बसमधल्या दांड्याला दोनदा धडकली की तिचे डोळे भरून यायचे. म्हणून ते काम माझं होतं.

"कोल्बी, तू फोर्कलिफ्टवाला ना? मग हे खोकं फळीवर लावून दे," असं ती म्हणायची. खोकं म्हणजे ती स्वतः.

त्या सकाळी मॉम गुडघा सुजल्यामुळे खोलीतच होती. मी स्कूटर चालवत थांब्यावर नेली, डार्ला माझ्या मागून काठी टेकत आली. मी उतरलो, ती बसली. समोर एक बस निघायच्या बेतात होती, पण स्कूटरच्या दोन्ही जागा भरलेल्या होत्या.

"मी पुढे जाऊन रोलर कोस्टरची रांग धरतो," मी म्हणालो. "तू मागच्या बसनं ये."

"आणि बसमध्ये मला कोण लावणार?"

"ड्रायव्हर लावेल. डार्ला, रांग दोन तासांची आहे."

"मग पळ," ती म्हणाली.

मी पळालो. रांगेत शिरायच्या आधी फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, तो ठेवला. चाळीस मिनिटांनी च्युइंगगम काढायला खिशात हात घातला आणि हाताला चावी लागली.

आता जे सांगतो ते मी चौदा महिने कुणाला सांगितलं नव्हतं. मी चावीकडे बघितलं. मागे बघितलं, मागे दोनशे माणसं होती. पुढे बघितलं, पाटीवर अजून दीड तास लिहिलेला होता. मग मी चावी परत खिशात टाकली आणि च्युइंगगम तोंडात.

संध्याकाळी खोलीवर आलो तर डार्ला झोपलेली. मॉमनं ओठांवर बोट ठेवलं. स्कूटर दाराशी उभी होती आणि तिच्यात चावी होती.

सकाळी डार्ला म्हणाली, "कंटाळा आला म्हणून परत आले. चावी खालच्या डेस्कवाल्यांनी दुसरी दिली."

मी काही विचारलं नाही. डेस्क कुठे, बसथांबा कुठे, मधल्या रस्त्यानं बंद स्कूटर कशी आली, हा प्रश्न कुठल्याही शिकलेल्या माणसाला पडला असता. मला तो पडायला चौदा महिने लागले. मला फक्त दिसत होतं ते असं, की ती त्या थांब्यावर बसली आहे, बसमागून बस जाते आहे, लोक वळून बघताहेत आणि तिचं यंत्र जागचं हलत नाही.

ती चावी मी बुटाच्या नाडीत ओवून गळ्यात घातली. परत द्यायची हिंमत नव्हती आणि टाकून द्यायचीही नव्हती. डार्लाला सांगू, पुढच्या आठवड्यात सांगू, असं करत राहिलो. शेवटी ती दवाखान्यात नळ्यांमध्ये पडलेली असताना मी तिच्याजवळ तासभर बसलो आणि कशाबद्दल बोललो, तर गोदामातल्या नव्या फोर्कलिफ्टच्या ब्रेकबद्दल. ती ऐकत होती. म्हणाली, "चांगले ब्रेक पाहिजेतच." मार्चमध्ये ती गेली.

या वर्षीची सहल तिनंच आधी ठरवून ठेवली होती. हॉटेल तिच्या नावावर, स्कूटर तिच्या नावावर, इतकंच काय, तिघांचे पिवळे टी-शर्टसुद्धा छापून आले होते. मला वाटलं मॉम नाही म्हणेल. पण तिनं बॅग भरली. तिसरा टी-शर्ट तिनं घडी करून स्कूटरच्या टोपलीत ठेवला आणि कुणी त्यावर पिशवी ठेवली की उचलून बाजूला करायची.

मॉमला स्कूटरवर बसवणं हे वेगळंच प्रकरण.

"मी म्हातारी नाही."

"गुडघा म्हातारा आहे."

"मग त्याला एकट्याला बसव."

शेवटी बसली. आम्ही थांब्यावर आलो, तोच थांबा. बस आली. ड्रायव्हर खाली उतरला. साठीचा, जाड मिशांचा माणूस, छातीवरच्या पट्टीवर ओस्वाल्डो असं नाव. त्यानं उतार सोडला. मॉम म्हणाली, मी स्वतः चढवणार. मी म्हणालो, कासवावर ठेव. तिनं ठेवलं. ती उतार चढली, दारात शिरली, वळली आणि दांड्याला धडकली.

"कोल्बी, हे तू घे," ती म्हणाली.

मी बाजूनं आत शिरलो, वाकलो, आणि स्कूटर पुढेमागे होऊ नये म्हणून आधी बंद केली. चावी काढली. (अर्धा सेकंद.) खिशात टाकायला गेलो, पण नवी पँट होती आणि नव्या पँटीचा खिसा शिवलेला होता. चावी उतारावर पडली, टणटण करत खाली गेली आणि फुटपाथच्या कडेला जी पाण्याची जाळी होती तिच्यात शिरली.

चाळीस माणसांनी ती जाताना बघितली.

स्कूटर अर्धी दारात, अर्धी उतारावर. दार मिटेना, उतार उचलता येईना, आणि मॉम तिघांच्या टी-शर्टांपैकी एक घालून वरती बसलेली, राणीसारखी. रांगेतला एक लाल चेहऱ्याचा माणूस म्हणाला, "आज जायचंय की मुक्काम आहे?"

"तुम्ही काल कुठे होता? तुमच्यासाठी थांबलोय आम्ही," मॉम म्हणाली.

ओस्वाल्डोनं जाळीत डोकावून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "काही बिघडलं नाही. या कंपनीच्या सगळ्या गाड्यांना एकच चावी चालते. माझ्याकडे एक असायची. गेल्या वर्षी इथेच एका बाईला दिली, तिची चावी कुणी बावळट घेऊन पळाला होता." मग तो रांगेकडे वळला. "कुणाकडे आहे का हो या स्कूटरची चावी?"

रांगेत कुणाकडे नव्हती. ती माझ्या छातीवर होती.

उन्हात सगळे घामाघूम झालेले, बसमधला गारवा उघड्या दारातून बाहेर चाललेला. मी टी-शर्टच्या गळ्यात हात घातला आणि नाडी वर ओढली. मी ती चावी डोक्यावरून काढून वर बघतो, तर मॉम आपली पर्स उघडून तशीच दुसरी चावी माझ्यापुढे धरून बसलेली.

"ही तुझ्याकडे कुठून आली?" मी विचारलं.

"तुझी तरी कुठून आली?" ती म्हणाली. पण तिच्या चेहऱ्यावर प्रश्न अजिबात नव्हता.

ओस्वाल्डो तिच्या हातातली चावी बघत होता. चावीला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. "ही माझी आहे," तो हळूच म्हणाला. "त्या टोपीवाल्या बाई तुमच्या कोण? टोपीवर चेरी होत्या."

"माझी मुलगी."

"फार हसवलं त्यांनी मला. कशा आहेत आता?"

"मार्चमध्ये गेली," मॉम म्हणाली.

ओस्वाल्डोनं टोपी काढली. लाल चेहऱ्याच्या माणसानंही काढली आणि मग बराच वेळ ती कुठे ठेवावी ते त्याला कळेना. मी माझ्या चावीनं स्कूटर चालू केली, आत वळवली, एका दमात आडवी लावली. इतकी सुरेख मी आयुष्यात लावलेली नाही. ज्या माणसासाठी लावायला हवी होती ते माणूस सोडून सगळ्यांनी बघितली.

बस निघाल्यावर मी मॉमच्या शेजारी बसलो. "तुला केव्हापासून माहीत आहे?"

"त्याच संध्याकाळपासून. ती परत आली ती उड्या मारत. म्हणजे तिला येत असत्या तर मारल्या असत्या. दहा मिनिटांत दुसरी बस आली, या साहेबांनी चावी दिली, पट्टे बांधले आणि ती सुटली. पार्कातल्या त्या छोट्या होड्यांत सात वेळा बसली, कोल्बी. सात. म्हणाली, आख्ख्या सहलीत हा एकच दिवस असा गेला की कुणी 'चल डार्ला, लवकर डार्ला' म्हणालं नाही."

मी पायाकडे बघत राहिलो. चौदा महिने मी तिला थांब्यावर बसवून ठेवली होती आणि ती होडीत होती.

"मॉम, अजून एक आहे. मला रांगेतच कळलं होतं. चावी हाताला लागली होती. मी परत आलो नाही."

बस एक वळण वळली. पट्टे करकरले.

"ते तिला माहीत होतं," मॉम म्हणाली. "म्हणाली, तो दर पाच मिनिटांनी खिशात हात घालतो, त्याला सापडली नसेल असं होईल का?"

"रागावली होती?"

"पाच मिनिटं. मग म्हणाली, परत आला असता तर त्याला होडीत न्यावं लागलं असतं." मॉमनं टोपलीतला टी-शर्ट सरळ केला. "आमची पैज लागली होती. मी म्हणाले, पोरगा आठवड्यात येऊन सांगेल. ती म्हणाली, मी जिवंत आहे तोवर तो सांगणार नाही. मला वाटलं, शेवटी दवाखान्यात तरी सांगशील. दाराबाहेर उभी होते मी. तू ब्रेकबद्दल बोलत होतास."

ती पुढे म्हणाली, "तुझे बनियन चौदा महिने मी घासतेय. छातीवर चावीच्या आकाराचा हिरवा डाग. तुला काय वाटलं, मी काय समजत असेन?"

"मग विचारलं का नाहीस?"

"पैज होती. विचारलं तर मी बाद." तिनं पर्स मिटली. "तरी हरलेच. आणि हरणाऱ्यानं तुझ्या त्या रोलर कोस्टरवर बसायचं असं ठरलं होतं. म्हणून आलेय मी इथे. नाहीतर या गुडघ्यानं मी पोस्टापर्यंत जात नाही."

आम्ही रांगेत पावणेदोन तास उभे राहिलो. म्हणजे मी उभा राहिलो, मॉमसाठी तिथल्या मुलीनं खुर्ची दिली आणि रांग सरकली की मी खुर्ची सरकवत होतो. स्कूटर बाहेर ठेवताना मॉमनं माझी चावी काढून घेतली, पुन्हा माझ्या गळ्यात अडकवली. "ही राहू दे. डाग तरी एकसारखा राहील." स्कूटरला तिनं निळ्या पट्टीची चावी लावली.

आणि मी ठरवलं, आयुष्यात एकदा चावी यंत्रातच ठेवायची. फार विचार करून ठरवलं. हात शिवशिवत होता, पण मी तो पाठीमागे धरला आणि चालत राहिलो.

वरून खाली येताना मॉमनं डार्लाचं नाव घेऊन दोन अशा शिव्या दिल्या की पुढच्या डब्यातल्या पाद्र्यासारख्या दिसणाऱ्या माणसानं मागे वळून बघायचा प्रयत्न केला. खाली उतरली तेव्हा ती रडत होती आणि हसत होती. डार्ला गेल्यापासून बारा आठवड्यांत तिला रडताना मी पहिल्यांदा बघितलं. मीही रडलो. सांगायला हरकत नाही, वाऱ्यानं तिथे सगळ्यांचेच डोळे ओले होतात.

बाहेर आलो. स्कूटर नव्हती. तिच्या जागी रिकामा कठडा. कठड्यावर, कुणीतरी व्यवस्थित घडी करून ठेवलेला, तिसरा टी-शर्ट.

(संध्याकाळी कळलं. नेब्रास्काचे एक आजोबा आपलीच समजून घेऊन गेले होते. सगळ्या सारख्याच दिसतात आणि चावी तर आत होतीच. त्यांनी ती माफी मागून परत पाठवली.)

मॉमनं कठड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पाठ वाकवली.

पार्कच्या दारापासून बसथांबा लांब आहे. पाठीवर मॉम, मॉमच्या खांद्यावर टी-शर्ट. थांब्यावर ओस्वाल्डोचीच बस उभी होती. आम्हाला बघून त्यानं उतार खाली सोडला. रांगेतले लोक बाजूला झाले.

"स्कूटर आधी," तो म्हणाला. "पण स्कूटर कुठे आहे?"

"हीच," मॉम माझ्या पाठीवरून म्हणाली. "पट्टे घट्ट बांधा. फक्त कासवावर चालते."

"आणि चावी?"

"याच्या गळ्यात असते."

मी उतार चढलो, आत वळलो आणि दांड्याला धडकलो.