करडा समुद्र आणि तांबडी खेकडी

एका जंगलात, जिथं झाडं संपतात आणि समुद्र लागतो, तिथल्या वाळूत एक लाल खेकडी राहायची. नाव तांबडी. पोटाखाली अंडी होती, आणि हक्काचं असं एकच बीळ होतं.

पोरांनो, नाकातली बोटं काढा आणि ऐका.

एक दिवस भुरकोबा कोल्हा तिथं चित्र काढायला आला. पोफळीची विरी, म्हणजे झावळीचा रुंद देठ, हा त्याचा कागद, करवंटीची राख हा रंग. आकाश करडं, पाणी करडं, वाळूही करडी.

"हे काय, चूल सारवलीस होय रे?" तांबडीनं विचारलं.

"बाई, ह्या तरल छटा आहेत. तुला नाही दिसायच्या."

"दिसत नाही ते काढतोस कशाला मग?"

कोल्ह्यानं चित्र सिंहाला दाखवलं. सिंहाला ओ की ठो कळलं नाही. पण तसं म्हणणार कोण? "वा!" तो म्हणाला. मग दरबार म्हणाला, "वा वा!" माकडं तर डोळे पुसायला लागली.

"महाराज, खरा किनारा बघायला चला," कोल्हा म्हणाला. "फक्त एक लाल ठिपका मधे येतो. सूर बिघडतो."

झालं! हुकूम सुटला. किनाऱ्यावर राहायचं तर राख फासून राहा, नाहीतर बीळ सोडून चालते व्हा.

"मेल्या, माझा जन्माचा रंग तुझ्या चित्रात मावत नाही, तर चित्र मोठं कर की!" तांबडी नांग्या उगारून ओरडली.

पण पोटाखाली अंडी. फासली तिनं राख.

सिंह आला तो ढगाळ दिवशी. सगळं करडं. तांबडीसुद्धा.

"वाळू संपते कुठं रे?"

"तेच तर कसब, महाराज!"

"अहो, थांबा! पुढं पाणी आहे!" तांबडी ओरडली.

"कोण बोललं? दिसत तर कोणी नाही," सिंह म्हणाला, आणि डौलात चालत गळ्यापर्यंत बुडाला.

माकडांनी आयाळ धरून बाहेर ओढलं त्याला. खारं पाणी ओकून झाल्यावर तो गरजला, "काठावर लाल काही नको का दिसायला? बेजबाबदार कुठली!"

नवा हुकूम. तांबडीनं राख धुवायची आणि लाटेच्या कडेला दिवसभर उभं राहायचं. बिळाकडं फिरकायचं नाही.

कोल्ह्यानं बुडत्या सिंहाचं चित्र काढलं. त्यात सिंह दिसतच नव्हता. दरबार म्हणाला, "वा वा!"

भरतीला तांबडीचं बीळ बुजलं. ती उभी होती. हुकूमच होता तसा.

तात्पर्य: ज्याला वाळू आणि पाणी वेगळं ओळखता येत नाही, तो रसिक. जिला येतं, ती बेजबाबदार. म्हणून पोरांनो, डोळे धड असतील तर ते मिटून आधी "वा" म्हणायला शिका. बीळ तरी राहील.