समुद्राची पातळी

अंदमानात उतरल्यावर आमच्या दादानं पहिलं काम काय केलं, तर गेस्ट हाउसच्या माळ्याकडून एक बांबू मागून घेतला, चाकूनं त्यावर वरपासून खालपर्यंत खुणा पाडल्या आणि तो समोरच्या समुद्रात रोवला. मग खिशातली वही काढून लिहिलं : 'सकाळी आठ. पाणी अकराव्या खुणेला.'

दादा माझा थोरला भाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. येलदरीच्या धरणावर पाण्याची पातळी बघायची आणि वहीत लिहायची, ही त्याची नोकरी. धरण झालं तेव्हापासून त्यानं रजा म्हणून घेतली नव्हती. लग्न केलं नाही, क्वार्टरमध्ये एकटाच राहायचा. कुणी विहिरीचा, नदीचा, साध्या माठाचा विषय काढला तरी म्हणायचा, "पाण्याचं मला नगं सांगू." आजाऱ्याला भेटायला गेला की ताप किती ते विचारायचा नाही; "पाणी किती पितोय?" एवढंच विचारायचा.

मी परभणीला पोस्टात कारकून. सरकारी प्रवास-सवलत पहिल्यांदाच पदरात पडली होती. सगळे तिरुपतीला जातात, पण माझी बायको शांता म्हणाली, "मला बेट बघायचंय. चारी बाजूंनी पाणी असतंय म्हणं." आठ वर्षांच्या आमच्या बेबीनं तर बेट म्हणजे काय ते कळायच्या आत पिशवी भरली. दादाला विचारलं तर तो चिडला. "मी गेल्यावर धरणाकडं कोण बघंल?" शेवटी त्याच्या साहेबांनीच रजेचा कागद त्याच्या हातात ठेवला.

मद्रासहून बोटीत बसलो. पहिल्या दिवशी दादा कठड्याला धरून दोन तास पाण्याकडं बघत उभा राहिला. मग हळूच माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "एवढं पाणी अडवलंय कुणी?"

चौथ्या दिवशी बेट दिसलं, हिरवंगार, जसं कुणी पाण्यावर कोथिंबिरीची जुडी ठेवलीय. बेबी किंचाळायलाच लागली. गेस्ट हाउसवर पोचलो तर नारळीची झाडं ओलांडली की लगेच समुद्र! एरवी डोक्यावरचा पदर ढळू न देणारी शांता चपला हातात घेऊन पाण्याकडं पळत सुटली. बेबीला खेकडे दिसले, शिंपले दिसले, निळा मासा दिसला. प्रत्येक वेळी ती ओरडायची, "मोठेबाबा, हे बघा!" आणि मोठेबाबा बांबूजवळ उभे.

दुपारी दोनला माझ्या नावानं हाक आली. मी धावत गेलो. बांबू कोरड्या वाळूत उभा होता आणि समुद्र पार लांब गेला होता. दादाचा चेहरा पांढराफटक.

"दार कुणी उघडलं रे?"

"दादा, भरती-ओहोटी असती ती."

त्याला ते पटेना. त्यानं माळ्याला गाठलं. "किसने छोड्या पानी?"

"बाबूजी, चाँद खींचता है।"

"चाँद तो हमारे येलदरी पे बी निकलता! एक उंगल पानी हिलता नै!"

माळी बिचारा हसत निघून गेला. संध्याकाळी पाणी गुपचूप बांबूपर्यंत परत आलं तेव्हा दादा त्याच्याकडं असा बघायला लागला, जसं न सांगता सुट्टी मारलेल्या शिपायाकडं बघावं. पण दुसऱ्या दिवशीही त्यानं चहा, नाश्ता सगळं बांबूजवळच मागवलं. तिसऱ्या दिवशी वहीत आकडे मांडून मला म्हणाला, "रोज तासाहून थोडं कमी, एवढं उशिरा यायलंय. बेजबाबदार न्हाई ते. त्याचा हिशेब येगळा हाय, बस."

त्याच दुपारी पाणी ओसरल्यावर शांता आणि बेबी शिंपले वेचत लांबच्या खडकावर गेल्या. मी नारळीखाली आडवा झालो होतो. दादाच्या ओरडण्यानं जागा झालो. "शांता, फिर माघारी! पाणी फिरलं!"

खडकापुढं समुद्र शांतच होता. पण खडक आणि किनारा यांच्यामधल्या सखल जागेत पाणी आधी भरत होतं, आणि त्या दोघींची तिकडं पाठ होती. मी उठेपर्यंत दादा विजारीसकट, घड्याळासकट आत शिरला होता. पाणी कमरेला, मग छातीला. खडकावर पोचून त्यानं बेबीला खांद्यावर घेतलं, शांताचा हात धरला आणि पाय चाचपत परत निघाला. मी मध्येच गाठून शांताचा दुसरा हात धरला.

किनाऱ्यावर आल्यावर बेबी ओरडली, "अजून एकदा, मोठेबाबा!" दादा मात्र वाळूत बसला तो उठेना.

"काय झालं रे दादा?"

"मला पवता येत न्हाई."

मला आधी हसूच आलं. "सगळी हयात धरणावर गेली की तुझी!"

"काठावर गेली." त्यानं तोंडावरचं पाणी पुसलं. "पोरं विहिरीत पवायला शिकतेत. गावच्या विहिरीला आपल्याला शिवू कोण देत हुतं? मी लांब बसून बघायचो. पोरं उड्या मारायची, पाणी कुठवर उडतंय, पुन्हा कुठवर बसतंय, तेवढं बघायचो. तू हॉस्टेलवर गेलास तवा तुज्या मास्तरला मी एकच मागितलं, याला पवायला शिकवा."

मला पोहता येतं. कुणामुळं येतं, ते मला त्या दिवशी चाळिशीला टेकल्यावर कळलं. शांता टॉवेल घेऊन आली आणि थोरल्या दिरासमोर पहिल्यांदाच मान वर करून म्हणाली, "भावजी, डोकं पुसा. सर्दी हुईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र काचेसारखा होता. मी दादाला कमरेएवढ्या पाण्यात नेलं, पाठीखाली हात धरला आणि म्हणालो, "अंग सोड." तो लाकडासारखा ताठ. मग हळूहळू खांदे सैल पडले, कान पाण्यात गेले, पाय वर आले. पन्नाशी उलटलेला माझा भाऊ डोळे मिटून पाण्यावर पडून राहिला. किनाऱ्यावर बेबी टाळ्या पिटत होती.

"काढू का हात?" मी विचारलं.

"नगं," तो म्हणाला. "ऱ्हाऊ दे थोडा येळ."