दत्तू मास्तराचं रविवारचं वजन

दत्तू मास्तर दर रविवारी सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून बेळगाव स्टेशनात यायचा आणि आंब्याच्या करंड्या बाजूला सारून माझ्या पार्सलच्या काट्यावर चढायचा. चढला की छाती फुगवून श्वास कोंडायचा.

"आण्णा, लवकर बघा. हवेचंबी वजन असतंय!"

वय बावीस, एका शाळेत ड्रिल मास्तर. पोरांना बैठका शिकवणारा हा गडी बाजूनं बघितला तर गळ्यातली शिट्टी तेवढी दिसायची. पण दंड पुढं करून म्हणायचा, "दाबून बघा. दगड हाय दगड!" मी दाबायचो. नुसती कोटाची बाही हाताला लागायची. शेरभर कुंदा खायचा आणि पोट सुटेल या धास्तीनं लगेच दोनशे बैठका मारायचा. असल्या माणसाला देवानं काय खाऊन जाड करावं!

वजनाची चिठ्ठी मात्र माझ्याच हातची हवी. ती गुंजी गावाला जायची, त्याच्या आईकडे. बाई एकटी, हा एकुलता एक. निघताना तिनं बजावलं होतं, "सव्वा मणाच्या खाली आलास तर नोकरी सोडून घरला यायचं." मास्तर भरायचा एक मण सात शेर. उरलेले तीन शेर कोटाच्या खिशातली शाळेची डंबेल्स भरून काढायची. मला ते माहीत होतं. मी सव्वा मण लिहून द्यायचो.

एकदा आईच यायची म्हणून कळलं. भर मे महिन्यात मास्तर तीन सदरे, स्वेटर आणि वर कोट घालून फलाटावर उभा. गंध ओघळून नाकावर आलेलं. गाडीतून आई उतरली. चांगली गुबगुबीत होती. मला बरं वाटलं.

तिनं त्याला कवेत घेतलं. मग तिनं त्याच्या कोटाची बटणं सोडली.

"हे काय रं, दत्तू?"

मास्तरानं तिचा खांदा चाचपला. लुगड्याखाली लुगडं, त्याखाली आणखी एक.

"आन् हे काय गं, आई?"

"एकटीला जेवाण जात न्हाय रं," ती म्हणाली.

मास्तरानं डंबेल्स काढून माझ्या टेबलावर ठेवली. आईला हाताला धरून काट्यावर चढवलं, शेजारी स्वतः उभा राहिला.

"आण्णा, दोघांचं मिळून बघा. आई आता हितंच ऱ्हाणार. आई, श्वास कोंड."

दोघांनी छाती फुगवली. एवढे कपडे असून सव्वादोन मणसुद्धा भरेनात. चिठ्ठी आता कुणाला पाठवायची नव्हती. तरी मी लिहिली: अडीच मण.