लोमटे सरांचं मलम आणि माझा हात

आमचे शेजारी लोमटे सर रोज सकाळी फाटकाशी येतात. मला नमस्कार करत नाहीत. माझा डावा हात धरून त्यालाच विचारतात, "काय, बरं वाटतंय का?"

परंड्यात विज्ञान शिकवून सर निवृत्त झाले आणि कातडी भरून आणणारं मलम शोधायच्या नादी लागले. माझ्या हातावर बॉलपेननं चार चौकोन आखायचे, चिकटपट्टी लावून फर्रकन ओढायची. कातडी लाल झाली की तीन चौकोनांत तीन मलमं, चौथा कोरा. मग आधी कोणता बरा होतो ते बघायचं.

"तुमचं कातडं लई गुणाचं. लगेच चिडतं," सर म्हणाले. गुणाचा म्हणून माझं आयुष्यातलं हे पहिलंच कौतुक. मी बाह्या दुमडून कचेरीत जायला लागलो. बायको म्हणाली, "चला, कशाला तरी उपयोगी पडलात."

पण एकदा मला त्या कोऱ्या चौकोनाची दया आली. बायकोचं गोरं व्हायचं क्रीम मी त्याच्यावर गुपचूप चोपडलं. नेमका तोच आधी बरा झाला!

सरांनी वही मिटली. "काहीच न लावलेलं बरं झालं. म्हंजी माझं एकबी मलम कामाचं न्हाय."

मला हसू आवरेना. संध्याकाळी त्यांच्याकडं गेलो, तर लेक तीन महिन्यांचं बाळ घेऊन माहेरी आलेली. लोमटे काकू मात्र पदरात हात लपवून बाळापासून लांब उभ्या. "घ्या की नातवंडाला," मी म्हणालो.

"नको. भांडी घासून हात लई चिरलेत. बाळाला खरचटतं."

सर खिडकीबाहेर बघत होते. माझं हसू कुठल्या कुठं गेलं. मी तिथंच सगळं कबूल केलं. वाटलं, आता छडी बसणार. सरांनी माझे दोन्ही हात धरले.

"व्हय? मग बसा इथंच. पट्टी आणतो!"

या खेपेला कोरा चौकोन कोराच ठेवून मी इमानदारीनं ओरडलो. तूप-मेणाच्या मलमाचा चौकोन आधी भरला.

महिन्याभरानं काकूंनी बाळाला उचलून घेतल्याचं कळलं. अभिनंदन करायला गेलो, तर सर मोरीत पायजमा खोचून कढई घासत बसलेले.

"महिना झाला. पाण्यात हात घालू देत न्हाय तिला."

"पण सर, मग गुण मलमाचा का याचा, कळणार कसं?"

"न्हाय कळलं तरी चालंल," सर कढई उपडी घालत म्हणाले. "आन् हळू बोला. बाळ तिच्या मांडीवर झोपलंय."