बर्फात अडकलेले बुश

बाराच्या आत ट्रक तपासणीला उभा राहिला नाही, तर त्याची रवानगी भंगारात होणार होती, आणि साडेनऊ तर वाजून गेले होते. पुढच्या स्प्रिंग-पाट्यांचे बुश, म्हणजे पाट्यांच्या टोकांत घट्ट बसवायच्या पुंगळ्या, झिजल्यामुळे म्हातारा ट्रक खड्ड्याखड्ड्याला कण्हायचा. मिस्त्रीने जुने बुश ठोकून काढले होते. नवे ड्रायव्हरदादांच्या घरी, फ्रिजरमध्ये. "रात्रभर गारठवा, आकसले की अलगद बसतात," असं मिस्त्रीनेच बजावलं होतं. दादांनी तीन रात्री गारठवले. माणूस देवभोळा, पण काळजी देवावर सोपवायची म्हटली, की त्यांचा हात आखडायचा.

फ्रिजर उघडला, तर आत नुसता बर्फाचा गड्डा! बुश कुठेतरी त्याच्या पोटात.

"गरम पाणी ओतते," बायको म्हणाली.

"अगं, फुगतील ना ते!"

दादांनी पाना उगारला.

"अहो, ठेवा तो खाली! आतली गॅसची नळी फुटली तर फ्रिज गेला. माझ्या बाबांनी दिलाय!"

पाना खाली आला. घड्याळ मात्र थांबेना. शेवटी दादांनी कंबरेएवढा फ्रिजच मिठी मारून उचलला आणि हातगाडीवर घालून गॅरेजात नेला. सबंध रस्ता बघत होता.

मिस्त्रीने चहाचं आधण ओतून बुश सोडवले, हातात घेतले आणि कपाळाला हात लावला.

"दादा, हे रबराचे!"

"मग?"

"गारठवायचे ते लोखंडी! हे पार दगड झालेत. आता उकळत्या पाण्यात टाकायला हवेत."

"उकळत्या?" दादांनी डोळे मिटले. घरी बायको किटली घेऊनच उभी होती.

बुश नरम झाले, साबणाच्या पाण्यात बुचकळून बसले. पावणेबाराला ट्रक तपासणीच्या आवारात शिरला. शेजारी मिस्त्री, मागे हौद्यात घरी न्यायचा फ्रिज.

"गाडी रिकामी लागते," साहेब म्हणाले.

दादांनी आणि मिस्त्रीने फ्रिज भिंतीशी उतरवला. साहेबांनी पाटे ठोकले, चाकं हलवली, फेरी मारली. दादांच्या ओठांवर नामस्मरण. शिक्का धप्पकन उमटला आणि दादांना जग हलकं वाटलं. मिस्त्रीला गॅरेजात सोडून ते घरी आले. वाटेत एकाही खड्ड्यात ट्रक कण्हला नाही.

"पास झाली गं!" ते दारातूनच ओरडले.

बायकोने हात जोडले. मग मान उंचावून ट्रकच्या मोकळ्या हौद्याकडे पाहिलं.

"देव पावला," ती शांतपणे म्हणाली. "आता जेवायलाही तिकडेच जा. तुमची भाजी फ्रिजमध्ये आहे."