स्वरांसाठी आलेला माणूस

ओंद्रेय अनोळखी माणसांच्या फ्युनरलला जायचा, तो तिथलं इंग्रजी ऐकायला. लग्नात लोक भराभर बोलतात, दुकानात अर्धवट बोलतात. गेलेल्या माणसाबद्दल मात्र सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलतात, असं त्याचं निरीक्षण होतं.

माझी बायको शालिनी गेली तेव्हा इथल्या, कॅनडातल्या केंब्रिजच्या फ्युनरल होममध्ये तो मला पहिल्यांदा दिसला. दिसण्याआधी ऐकू आला. आमची मुलगी आईबद्दल इंग्रजीत बोलत होती, आणि तिचं प्रत्येक वाक्य संपता संपता मागच्या रांगेतून कुणीतरी तेच कुजबुजत होतं. "शी नेव्हर वेस्टेड अ ग्रेन ऑफ राइस." मग मागून, हलकेच, तेच. वळून पाहिलं तर काळ्या कोटातला एक उंच, किडकिडीत गोरा मुलगा. डोळे मिटलेले, ओठ हलताहेत.

"बाबा, हू इज दॅट गाय?" मुलीनं नंतर विचारलं. "आईचा कोणी फ्रेंड?"

सँडविचच्या टेबलापाशी मी त्याला गाठलं. "माझ्या पत्नीला ओळखत होतास?"

"नाही सर," तो अदबीनं म्हणाला. "मी स्वरांसाठी आलोय. तुमच्या मुलीचे स्वर फार स्वच्छ आहेत."

मी रागवायला हवं होतं. पण दिवसभरात माझ्याशी खरं बोललेला तो पहिलाच माणूस होता.

तो चेक. जवळच्या युनिव्हर्सिटीत भाषाशास्त्र शिकत होता आणि आमच्याच रस्त्यावर, चार घरं सोडून, रूथ नावाच्या म्हाताऱ्या बाईंच्या बेसमेंटमध्ये राहत होता. थंडीत इथे शेजारी एकमेकांना नुसते कोट म्हणून माहीत असतात. त्यानंतर मात्र तो सारखा भेटू लागला. भेटला की "कसे आहात" असं विचारत नसे. "सर, जीभ कुठे आहे?" असं विचारी. बसस्टॉपवर, ग्रोसरीच्या रांगेत, कुठेही. मी सांगत असे, "टाळूला." त्याला समाधान वाटे.

इंग्रजीतला 'प' फुंकर घेऊन येतो, चेक 'प'ला फुंकर नाही. म्हणून तो मेणबत्तीसमोर बसून सराव करी. डिसेंबरात पाचलाच अंधार पडतो. त्या बेसमेंटच्या खिडकीत एक ज्योत दिसे, विझे, पुन्हा पेटे, पुन्हा विझे. समोरच्या गुजराती बहेनजींनी मला थांबवून सांगितलं, "भाईसाब, वो लड़का नीचे किसी को बुलाता है."

मी त्याला विचारलं. "'रेस्ट इन पीस' म्हणतो, सर," तो म्हणाला. "'पीस'ला विझली पाहिजे."

जानेवारीत तो माझ्या दारात येऊन उभा राहिला. "मला एक श्रोता हवाय. तुम्हाला अनुभव आहे."

तेव्हा सगळं कळलं. रूथचं हृदय थकलं होतं आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. मूलबाळ नव्हतं. फ्युनरलला तूच बोलायचंस, असं तिनं ओंद्रेयला सांगून ठेवलं होतं. "पण माझं नाव नीट घे. नाहीतर लोकांना वाटेल, दुसरीच कोणी गेली." तिच्या नावातला शेवटचा उच्चार जीभ दातांच्या मध्ये आणल्याशिवाय होत नाही, आणि चेक जिभेला ती सवय नाही. तो "रूस" म्हणे. या एका नावासाठी तो चार महिने परक्यांच्या दुःखात मागच्या रांगेत बसत होता.

तालीम तिच्याच बेडरूममध्ये चाले. ती उशीला टेकून डोळे मिटून पडलेली, तो पायथ्याशी कागद घेऊन उभा, मी खुर्चीवर.

"रूस वॉज अ काइंट वुमन."

"स्टॉप," उशीतून आवाज येई. "जीभ बाहेर. आणि काइंट नाही, काइंड. शेवटच्या 'ड'चा 'ट' करू नकोस."

'वॉज'ला तिची हरकत नव्हती.

मी मदत म्हणून नाव उच्चारून दाखवलं. तिनं एक डोळा उघडला. "मिस्टर काळे, तुमचंही चूकच आहे. तुम्ही निराळ्या प्रकारे चुकता, एवढंच." माझा थ थाळीतला होता. आम्ही तिघंही हसलो, आणि तिला धाप लागली.

एकदा ती म्हणाली, "मोठ्यानं बोल. मागच्या रांगेतल्यांना ऐकू जात नाहीये." खोलीत माझी एकच खुर्ची होती. मागे वळून पाहायचं धाडस मला झालं नाही.

मार्चच्या शेवटी रूथ गेली. फ्युनरलला आम्ही नऊ जण होतो. ओंद्रेय उभा राहिला आणि एकही चूक न करता बोलला. नाव पाच वेळा आलं. पाचही वेळा जीभ जिथे हवी तिथे होती. ऑटव्याहून आलेली रूथची भाची त्याला म्हणाली, "लव्हली! ऑन्टारिओत कुठला तू?" एखाद्या परदेशी माणसाला याहून मोठी पदवी मिळत नाही. तो नुसता मान हलवून बाजूला झाला.

सगळे कॉफीकडे गेले. माझे हातमोजे राहिले होते म्हणून मी परत फिरलो. तो शवपेटीपाशी एकटाच उभा होता.

"रूस," तो म्हणाला. स्पष्ट आणि मोठ्यानं. मग थांबला, मान किंचित झुकवून.

मीही दारातच थबकलो. श्वास धरून मीसुद्धा ऐकू लागलो होतो, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. हीटरची घरघर तेवढी चालू होती.

बऱ्याच वेळानं त्यानं पुन्हा नाव घेतलं. या वेळी आणखी चुकवून.